चार विल्यम मेअर

पोर्टलिनी,
११ फेब्रुवारी १९५७

चि. गॅव्हिन यास,
थोरल्या बहिणीचे, खाऱ्या वाऱ्यासकट, अ. आ.

तुझं पत्र आणि एडिथनं विणलेले हातमोजे एकाच दिवशी पोचले. हातमोजे अगदी मापाचे आहेत. पत्राचं तसं म्हणवत नाही. एक पान तुझ्या हेडमास्तरावर, दुसरं पान शेजारच्या फ्लेचरचा पूर्वज बाण करायचा यावर, आणि माझ्या गुडघ्याची चौकशी सहीच्या वर, जेमतेम मावेल एवढी. माणसांपेक्षा तुला त्यांची आडनावं जास्त आवडतात, हे मी आईला तू पोर होतास तेव्हाच सांगितलं होतं.

गुडघा आहे तसाच आहे. थंडी वाढली की कुरकुरतो, मी दुर्लक्ष केलं की गप्प बसतो. हॅडक मासा बरा मिळतोय. तुझ्या खोलीच्या छपराची कौलं वादळात गेली होती, ती बसवून घेतली. उन्हाळ्यात आलात तर डोक्यावर गळणार नाही.

आता कामाचं. तुझ्या वेडाचा मला आयुष्यात पहिल्यांदा उपयोग होणार आहे, तेव्हा नीट वाच. आपल्या बंदरावर, मिठाच्या जुन्या कोठाराशेजारी, समुद्रात गेलेल्या माणसांसाठी शिळा उभी राहतेय. ग्रॅनाइट अॅबर्डीनहून आला. सगळं गाव खूश होतं, ते नावं कोरायची वेळ येईपर्यंत. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे आडनावं म्हणजे मेअर, फ्लेट नि स्लेटर, आणि बारशाला कुणी विल्यम, जेम्स, जॉनच्या पुढे जात नाही. व्हायचं तेच झालं. चार विल्यम मेअर निघाले, एक आपला काकाच. त्यातले दोघे तर एकाच बोटीवरचे, 'आयव्ही लीफ'वरचे, म्हणजे बोटीचं नाव लावूनही सुटका नाही.

मी बैठकीत उठून म्हटलं, की रोजच्या व्यवहाराला आपण जे करतो तेच इथे करू. आपण डगले, कोपऱ्यावरचे शिट्टीवाले, कड्याखालचे बटाटे. टोपणनाव नसलं तर पोस्टमन पाकीट घेऊन गावभर हिंडतो. मग शिळेवरही नावापुढे टोपणनाव घाला, म्हणजे कोण कुठला ते कळेल. बटाट्यांच्या जॉननं बाकावर मूठ आपटून मला दाद दिली. पण पाद्री कॅम्पबेल म्हणाले, की बेलाबाई, हसता हसता ठेवलेली नावं पवित्र दगडावर बरी दिसतील का, जरा विचार करा. आणि जेसी मेअर, रडक्यांची जेसी, शाल ओढून निघून गेली. चौघांतला एक तिचा भाऊ. त्या घरात आता ती एकटीच उरली आहे.

तर टोपणनाव म्हणजे काही कमी प्रतीचं नाव नव्हे, असं कॅम्पबेलना पटेल असं काहीतरी विद्वानासारखं लिहून पाठव. मात्र आटोपशीर लिही.

एडिथला माझा गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
बेला


हॉलिनरॉइड, यॉर्कशर,
१८ फेब्रुवारी १९५७

ती. बेलाताईस,
धाकट्याचा, शाईनं माखलेल्या हातांनी, सा. न. वि. वि.

तू मला आटोपशीर लिहायला सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा फक्त वास घे म्हणण्यासारखं आहे. तरी प्रयत्न करतो.

आधी आपल्यापासून. मेअर म्हणजे साहेबाचा हुकूम दारोदार बजावणारा शिपाई. तेव्हा मासे पकडायला लागण्याआधी आपण माणसं पकडत होतो. बाबांना हे कळतं तर त्यांनी रविवारी चर्चमध्ये छाती काढून बसायला सुरुवात केली असती. आमच्या शाळेचा कवायतमास्तर वेबस्टर, दाराएवढा गडी. त्याला मी सांगितलं, की वेबस्टर म्हणजे मुळात विणकरीण, बाईमाणूस. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आणि एडिथ. तिचं माहेरचं आडनाव साइडबॉटम, बॉटम म्हणजे बूड, त्यावरून इथले लोक अजून गालात हसतात. इथल्या जुन्या बोलीत बॉटम म्हणजे दरीचा तळ. दरीच्या कडेला राहणारे ते साइडबॉटम. इतकं साधं, स्वच्छ, हिरवंगार नाव!

आता तुझ्या पाद्रीबुवांसाठी मुद्दा. पुढचा परिच्छेद त्यांना जसाच्या तसा वाचून दाखव.

आपल्या देशातली भारदस्त आडनावं घ्या. क्रुकशँक म्हणजे वाकड्या पायाचा. कॅमेरन म्हणजे वाकड्या नाकाचा. केनेडी म्हणजे बेढब डोक्याचा. आणि कॅम्पबेल, पाद्रीबुवांनी राग मानू नये, म्हणजे वाकड्या तोंडाचा. पंडितांचे आपसांत वाद आहेत, पण बहुतेकांचा कौल हाच. प्रत्येक आडनाव कधीतरी गल्लीतून मारलेली हाक होतं. कुणीतरी ते कागदावर उतरवलं, बापामागून पोराला लागलं, पोरामागून नातवाला, आणि हसू वाळून गेलं, उरलं ते नुसतं नाव. ज्याचं तोंड वाकडं होतं त्याच्या वंशजांपुढे पुढे लोक टोप्या काढू लागले. तेव्हा 'बटाटा' काय नि 'रडका' काय, शंभर वर्षं दगडावर राहू द्या, तीही अशीच गुळगुळीत होतील.

कसं काय? माझा मलाच अभिमान वाटला. एडिथनं वाचलं, म्हणाली छान आहे, आणि पाठ फिरवून बराच वेळ भाजी चिरत राहिली. तिला सर्दी झाली आहे, त्यामुळे असेल.

शिळेचं काय झालं ते कळव. तुझा राग आणि लोभ दोन्ही याच पत्त्यावर येत राहावेत.

तुझा,
गॅव्हिन


पोर्टलिनी,
९ मार्च १९५७

चि. गॅव्हिन यास,
अ. आ. आणि थोडी खरडपट्टी.

तुझा परिच्छेद मी कॅम्पबेलांच्या घरी चहाच्या वेळी वाचला. त्यांच्या बायकोनं बशी खाली ठेवली, मला वाटलं आता मला दार दाखवणार. पण पाद्रीबुवा इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, अहो, हे मला पाचव्या वर्षीच कळलंय. आमचे आजोबा दाढी करताना आरशात तोंड वाकडं करून म्हणायचे, की बघ पोरा, हे आपलं खानदान. मग त्यांनी विरोध मागे घेतला. म्हणाले, देवाला बटाटे चालत असतील तर मी कोण नाही म्हणणार. फक्त त्यांनी एक अट घातली, आणि ती योग्य आहे. घातली तर सगळ्यांची टोपणनावं घालायची, नाहीतर एकाचंही नाही. आणि प्रत्येक घराचा होकार हवा.

सगळ्या घरांनी होकार दिला. बटाट्यांच्या जॉननं या निमित्तानं आपल्या घराण्याला जरा बरं नाव मिळतं का ते विचारून पाहिलं, बैठकीनं ते फेटाळलं. राहिली जेसी.

मी तुझं पत्र घेऊन तिच्याकडे गेले. ती चुलीशी बसून मोजा विणत होती. मी सगळं वाचलं, वाकडे पाय, वाकडी नाकं, सगळं. तिनं सुई थांबवली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, कॅम्पबेलांच्या हातात तलवारी होत्या. त्यांच्या तोंडावर हसायची कुणाची टाप होती? आमच्या पाठीवर माशांच्या टोपल्या होत्या. आणि तुझ्या भावाला विचार, म्हणाली, डगला म्हणून त्याला शाळेच्या पटांगणात कुणी रिंगण करून नाचवलं होतं का? मला नाचवलं. रडकी, रडकी, रडून दाखव. मी रडले नाही म्हणून आणखी नाचवलं.

गॅव्हिन, मी तुझं पत्र घडी करून खिशात घातलं. याला तुला उत्तर सुचलं तर ते तुझ्यापाशीच ठेव.

पण मी हट्टी. म्हातारी अॅनी फ्लेट, तिला आता दिसत नाही पण जुनं सगळं आठवतं, तिच्याकडे जाऊन मी विचारलं की हे नाव पडलं कसं. तिनं सांगितलं, की जेसीचा आजा हा त्यांच्यातला पहिला रडका. मोठ्या वादळात तीन होड्या गेल्या, तो एकटा किनाऱ्याला लागला. ज्यांची माणसं गेली त्यांना सांगायला तोच दारोदार फिरला. एका दारात उभा राहायचा, तोंड उघडायचा, आणि शब्दाऐवजी रडूच यायचं. बायका त्याचं रडणं बघून समजायच्या. अॅनीच्या आईनं असंच दार उघडलं होतं. पुढे दु:ख ओसरलं, आणि नाव तेवढं राहिलं.

मी धावत जेसीकडे गेले. मला वाटलं, आता बाई विरघळणार. ती म्हणाली, रडला ना? मग झालं. कारण चांगलं होतं म्हणून चिडवणं काही गोड होत नाही. माझ्या भावाला नुसतं विल्यम राहू दे. समुद्रानं जे एकदाचं धुऊन नेलं ते तुम्ही छिन्नी घेऊन परत आणू नका.

मी म्हटलं, मग चौघांतला तो कोणता ते कुणाला कळेल? तिनं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. म्हणाली, माझं मला कळेल. तू डगल्यांची, आमच्या माणसाची तुला गं कशाला इतकी पडलीय?

मी शाल घेतली आणि घरी आले.

बाकी ठीक. शिट्टीवाल्यांच्या मेगला मुलगा झाला. नाव विल्यम ठेवलंय, आता बोल. एडिथच्या सर्दीकडे लक्ष दे, भाजीकडे नको.

आमच्यावरचा जीव असाच राहो.

बेला


हॉलिनरॉइड,
१९ मार्च १९५७

प्रिय बेलाताई,
तुमच्या धाकट्या भावजयीचा स. न. वि. वि.

गॅव्हिनच्या पाकिटात माझा कागद नेहमी मागच्या बाजूला चिकटवलेला असतो. आज वेगळं पाकीट आणि वेगळं तिकीट. तो शाळेत गेलाय, म्हणून बसले.

गॅव्हिन मला लग्नाआधी भेटला तेव्हा पहिल्याच फिरायला जाण्यात त्यानं साइडबॉटमचा अर्थ सांगितला. दरी, हिरवळ वगैरे. मला तो त्यासाठीच आवडला, हे खोटं बोलणार नाही. पण बेलाताई, शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं की मागच्या बाकावरून जो आवाज काढायचे, तो मी दरीच्या कडेची आहे हे कळल्यावर थांबला असता असं मला वाटत नाही. मी मेअर झाले त्या दिवशी चर्चच्या वहीत सही करताना माझा हात किती हलका झाला होता! तुमच्याकडे बायका लग्नानंतरही माहेरचंच नाव चालवतात हे ऐकून मी घाबरलेच होते. तेव्हा तुमची ती जेसी मला न बघताच कळते.

तरी तुम्हीही मला कळता, असं वाटतं. तुमचं मागचं पत्र मी दोनदा वाचलं. गॅव्हिन त्यातले वाकडे पाय नि नाकं मोजत बसला. मी शेवटाशी थांबले. जेसीनं विचारलं की तुला कशाला पडलीय, आणि तुम्ही उत्तर लिहिलंच नाही, सरळ शिट्टीवाल्यांच्या बाळाकडे गेलात.

मी आगाऊपणा करत असेन तर पत्र चुलीत टाका. पण काका सोडले तर त्या चौघांतला तुमचा कोणता?

सांगायलाच हवं असं नाही. गॅव्हिनला मी काही बोललेले नाही.

तुमच्या मनाच्या कोपऱ्यात माझ्यासाठी ठेवलेली जागा तशीच असू द्या.

एडिथ


पोर्टलिनी,
२ एप्रिल १९५७

प्रिय एडिथ,
अ. आ.

तुझं पत्र चुलीत टाकलं नाही. दोन आठवडे घड्याळामागे ठेवलं होतं. आता उत्तर देण्यासारखं घडलंय, म्हणून लिहिते.

जेसीचा भाऊ. विली.

आम्ही मुली तेव्हा हेरिंग मासळीच्या मोसमात दूर दक्षिणेला यार्मथला जायचो, मासे साफ करायला. बोटांना चिंध्या गुंडाळून दिवसभर सुरी चालवायची, आणि रविवारी धुतलेले कपडे घालून नदीच्या काठी फिरायचं. आमच्या गावच्या बोटीही तिथेच असत. एका रविवारी विली आला आणि मी विणत होते ते हातातून काढून घेतलं, म्हणाला आता ऐक. विचारायचं ते त्यानं विचारलं. पण मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, आधी विचार कर. मेअरची मेअरच राहशील, ते काही बदलायचं नाही. पण टोपणनाव नवऱ्याच्या घरचं लागतं, डगल्यांची आहेस ती रडक्यांची होशील. जन्मभर तीच हाक येईल. मी म्हटलं, बदलून बदलायचं ते एवढंच, मग त्यात काय विचार करायचा? हो म्हटलं. तो इतका मोठ्यानं हसला की पुलावरची माणसं वळून बघायला लागली.

घरी गेल्यावर सगळ्यांना सांगायचं, असं ठरलं. 'आयव्ही लीफ' आमच्या आगगाडीच्या आधी निघाली. आमच्या गावाचे दिवे दिसतील इतक्या जवळ येऊन ती बुडाली. मी यार्मथलाच माशांच्या पिंपाशी उभी होते तेव्हा बातमी आली, आणि एकेका बाईची सुरी थांबत थांबत माझ्यापर्यंत आली.

गावी पोचल्यावर मी त्यांच्या घराकडे गेले. खिडक्यांचे पडदे ओढलेले. आत नात्याची माणसं. मी फाटकाशी उभी राहिले. त्याच्या आईला काय म्हणून भेटू? बोटात अंगठी नाही, कुणाला शब्द माहीत नाही. जी ऐकणार ती म्हणेल, मेलेल्याच्या नावावर ही काय सांगत्येय. मी मागे फिरले. नंतर बोलायची वेळ येतच गेली नाही. आपल्याला वाटतं, पुढच्या आठवड्यात. मग आई आजारी पडली, गॅव्हिनची शाळा, असं होत होत मी म्हातारी झाले.

आता परवाचं. मी ठरवलं की जेसीचं म्हणणं खरं, टोपणनावांचा ठराव आपण मागे घेऊ. तेच सांगायला तिच्याकडे गेले. ती धुरावलेल्या हॅडकचं सार करत होती, दूध चुलीवर होतं. मी म्हटलं, जेसी, तू जिंकलीस, नुसतं विल्यम राहू दे. ती दूध ढवळत राहिली. मी वळले, तर पाठीमागून म्हणाली, की तुला एक विचारू? विली यार्मथला जाताना मला सांगून गेला होता, की या खेपेला बेलाला विचारणार. विचारलं ना त्यानं?

मी हो म्हटलं.

मग तिचा आवाज चढला. म्हणाली, बातमी आली त्यानंतर तू आमच्या फाटकापर्यंत आलीस. मी माडीच्या खिडकीत होते. पडद्याच्या फटीतून बघितलं तुला. आलीस आणि आत न येता परत गेलीस. तेव्हाच मी समजले, की तू त्याला नाही म्हटलंस. या नावापायी नाही म्हटलंस. आणि माझा भाऊ तो नकार घेऊन समुद्रात गेला. इतकी वर्षं तू रस्त्यात दिसलीस की मी मनात तेच म्हणते. आणि वर तूच उठून ते नाव दगडावर कोरा म्हणत होतीस!

एडिथ, मी तिथल्या कोळशाच्या पेटीवर बसले. म्हटलं, अगं जेसी, मी हो म्हटलं होतं.

दूध उतू गेलं. चुलीवर चर्रकन आवाज झाला, जळका वास सुटला, ती जागची हलली नाही. हो म्हटलंस, एवढंच म्हणाली. मग पुन्हा, हो म्हटलं होतंस. मी सांगितलं तो कसा हसला ते, पुलावरची माणसं वळली ते. ती म्हणाली, असाच हसायचा मेला, चर्चमध्येसुद्धा.

नंतर तिनं चूल पुसली, उरलेल्या दुधात सार केलं आणि माझ्यापुढे वाडगा ठेवला. दोघींनी खाल्लं. खारट झालं होतं.

निघताना दारात म्हणाली, कोरू दे त्यांना. मला ते नाव आवडत नाही, आणि आज आवडायला लागलं असं समजू नकोस. पण शिळेच्या समारंभाच्या दिवशी प्रत्येक नावाला घरचं माणूस पुढे जाऊन शिळेला हात लावणार आहे म्हणे. माझ्या पायांत तेवढं बळ नाही. आमच्या घरचं माणूस म्हणून तू जा.

मी अजून होय म्हटलेलं नाही. मला भीती वाटते. अख्खं गाव बघत असेल.

गॅव्हिनला हे दाखवायचं तर दाखव. माझ्यानं त्याला वेगळं लिहवणार नाही.

तुझी जागा कोपऱ्यात नाही, चुलीजवळ आहे.

बेला


हॉलिनरॉइड,
८ एप्रिल १९५७

ती. बेलाताईस,
सा. न.

एडिथनं पत्र दिलं आणि स्वत: बागेत गेली.

तू यार्मथहून आलीस तेव्हा माझ्यासाठी टॉफीचा डबा आणला होतास. झाकणावर घोडा होता. मी तेरा वर्षांचा होतो. तू स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होतीस आणि मी टेबलाखाली बसून एकामागून एक टॉफी खात होतो. तू दमली आहेस असं आईनं सांगितलं. मला ते खरं वाटलं. परवापर्यंत खरंच वाटत होतं.

आज कुठल्याही नावाचा अर्थ सांगत नाही.

समारंभाला यायचं ठरवलं होतं, पण एडिथचा खोकला छातीत उतरलाय, डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात. तू पुढे जा, ताई. गाव बघत असेल तर बघू दे. त्यांना बघायला उशीरच झालाय.

जसा आहे तसा तुझाच,
गॅव्हिन


पोर्टलिनी,
१२ जून १९५७

चि. गॅव्हिन आणि एडिथ,
दोघांना अ. आ., एडिथच्या छातीला जरा जास्त.

समारंभ शनिवारी झाला. वारा असा होता की पाद्रीबुवांचा झगा त्यांच्या आधी शिळेपाशी पोचला. सगळ्या बोटी बंदरात होत्या. जेसीला आम्ही खुर्चीवर बसवून मिठाच्या कोठाराच्या आडोशाला ठेवलं. सकाळी तिनं मला तिच्या आईची काळी शाल पाठवली होती, निरोप नाही, काही नाही, नुसती शाल. ती घेतल्यावर मला नाही म्हणायला जागा उरली नाही.

स्तोत्र म्हणून झालं आणि कॅम्पबेल नावं वाचू लागले. एकेक नाव, मागे टोपणनाव. बटाट्यांचा जॉन आपल्या चुलत्यासाठी पुढे गेला तेव्हा कुणी हसलं नाही. शिट्टीवाल्यांची मेग बाळाला घेऊन गेली, त्याचा पंजा दगडाला लावला, ते रडलं. विल्यम मेअर, शिट्टी. विल्यम मेअर, डगला, म्हणजे आपला काका, त्याच्यासाठी चुलतभाऊ अँड्र्यू गेला. लोकांनी माझ्याकडे पाहिलं, की ही का नाही गेली. मग पाद्रीबुवा थांबले. त्यांना जेसीनं सांगून ठेवलं असावं. जरा मोठ्यानं वाचलं, विल्यम मेअर, रडका.

बाहेरगावचे कुणी पाहुणे होते, त्यांच्यातला एक फिसकन हसला. लोक जेसीकडे बघत होते, ती समोर समुद्राकडे बघत होती. मी निघाले. गुडघा नेमका तेव्हाच अडला, त्यामुळे तोऱ्यात चालत गेले असं काही म्हणता यायचं नाही. दगड गार होता, पावसाचं पाणी अक्षरांत साचलं होतं. विलीच्या नावावर हात ठेवला. किती वेळ, कुणास ठाऊक. मागून अॅनी फ्लेटला तिची सून कानात सांगत होती, की बेला गेलीय पुढे, डगल्यांची बेला. आणि अॅनी, तिला वाटतं आपण हळू बोलतो, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी म्हणाली, हं, असं होय! बिचारी.

मी परत फिरले तेव्हा बायकांनी वाट केली. मेगनं माझा हात दाबला. मला रडू येईल अशी फार भीती होती, ते आलं नाही. घरी येऊन आलं, तेव्हा दार लावून घेतलं आणि येऊ दिलं.

रविवारी चर्चमध्ये सगळे वागायचे तसे वागले, जरा जास्त जपून. मला ते जपणं नकोसं झालं. वाटलं, आता जन्मभर हे असं हळू आवाजात चालणार.

काल बेकरीची गाडी आली. नवी बाई आहे, बॅन्फच्या बाजूची, तिला अजून गाव कळलेलं नाही. पुढच्या खेपेच्या पावांसाठी नावं टिपून घेत होती. मी म्हटलं, मेअर. ती म्हणाली, अहो, सकाळपासून मेअरच लिहितेय मी, तुम्ही कुठल्या मेअर? सवयीनं माझ्या तोंडात डगल्यांची आलंच होतं. एवढ्यात रांगेत मागून जेसीची काठी रस्त्यावर आपटली. नेहमीच्या खेकसण्याच्या आवाजात ती म्हणाली, रडक्यांची बेला ती, लिही की! आणि तिच्या खाली मी, रडक्यांची जेसी. जरा हात चालव बाई, वारा काय म्हणतोय.

रांगेतलं कुणी हसलं नाही. बाईनं लिहून घेतलं. आम्ही दोघी आपापला पाव काखेत मारून चढ चढलो. वाटेत जेसी माझ्या गुडघ्याला नि स्वत:च्या पायांना शिव्या देत होती.

एडिथला आल्याचा काढा दे, आणि बरं वाटलं की दोघं या. कौलं बसवली आहेत.

तुमच्या मायेची सवय झालीय, ती मोडू नका.

बेला